पारा कोण तपासतो?

२९ मे २०२४ रोजी दुपारी दिल्लीच्या वेशीवरच्या मुंगेशपूर इथल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस तापमान दाखवले. राजस्थानातल्या फलोदीने २०१६ साली ५१ अंशांचा उच्चांक नोंदवला होता, तो मोडल्याची बातमी बघता बघता जगभर गेली. त्याच दिवशी दिल्लीतल्या सफदरजंगच्या जुन्या केंद्रावर कमाल तापमान ४६.८ अंश होते. तेही कमी नव्हते, पण एकाच शहरात सहा अंशांचा फरक हवामान विभागालाच खटकला. पथक पाठवून, शेजारी प्रमाणित उपकरण ठेवून ताडून पाहिले, तेव्हा मुंगेशपूरचा संवेदक ३ अंश जास्त दाखवत असल्याचे निघाले. त्याच सुमारास नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने तर थेट ५६ अंश दाखवले होते. तिथेही दोष यंत्राचाच होता.

दोन्ही बातम्यांवर लोक हसले आणि विसरून गेले. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्यात आणखी एकाची भर पडली. पण अंदाज चुकणे आणि मोजमाप चुकणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. अंदाज उद्याविषयी असतो आणि वातावरण इतके गुंतागुंतीचे आहे की तो काही वेळा चुकणारच. मोजमाप मात्र आत्ताचे असते. तेच चुकले तर पुढचे सगळे गणित चुकीच्या आकड्यावर उभे राहते. शिवाय ते चुकले आहे हे कळायलाही कुणीतरी जागेवर जाऊन पाहावे लागते.

तीन अंश म्हणजे किती, हे आरोग्याच्या बाजूने पाहिले की नीट समजते. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांच्या वर आणि त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेले, की उष्णतेच्या लाटेचा निकष पूर्ण होतो. ४५ अंश गाठले तर सरासरीशी तुलना करायचीही गरज उरत नाही. म्हणजे खरे तापमान ४३ असताना यंत्राने ४६ दाखवले, तर एरवीचा उन्हाळी दिवस कागदावर उष्णतेची लाट होऊन बसतो. उलटे झाले, ४६ असताना ४३ दाखवले गेले, तर खरी लाट कागदावर येतच नाही. दुसरी चूक जास्त घातक, कारण तिची बातमी होत नाही. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाल्याचे अभ्यासातून पुढे आले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा अमलात आणला. शाळांच्या वेळा, बांधकामावरच्या मजुरांची सुट्टी, रुग्णालयांतली तयारी, पाणपोया हे सगळे त्यात तापमानाच्या आकड्यावरून ठरते. आता महाराष्ट्रातल्या शहरांतही असे आराखडे आहेत. आराखडा कितीही चांगला असला तरी तो चालतो एका आकड्यावर, आणि तो आकडा कुठल्या तरी कंपाउंडमधल्या पांढऱ्या पेटीतून किंवा खांबावरच्या संवेदकातून येतो.

त्या पांढऱ्या पेटीविषयी फारसे बोलले जात नाही. तिचा आराखडा करणारे टॉमस स्टीव्हन्सन हे दीपगृहे बांधणारे स्कॉटिश अभियंता. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन त्यांचा मुलगा, म्हणून मुलाचे नाव जगाला जास्त माहीत. पेटीच्या भिंती दुहेरी झडपांच्या असतात. त्यामुळे वारा खेळतो, पण ऊन थेट आत येत नाही. भारतात तिचे दार उत्तरेला ठेवतात, म्हणजे उघडताना सूर्यकिरण तापमापकावर पडत नाहीत. आत कमाल तापमानाचा पाऱ्याचा तापमापक असतो. तो डॉक्टरकडच्या जुन्या थर्मामीटरसारखाच, नळीत एके ठिकाणी आवळलेला. चढलेला पारा त्या अडथळ्यामुळे आपोआप उतरत नाही, निरीक्षक तो झटकून खाली आणतो. किमान तापमानासाठी अल्कोहोलचा वेगळा तापमापक असतो. पेटी भिंतीजवळ नको, डांबरावर नको, खाली जमिनीवर आखूड गवत हवे. पर्जन्यमापक झाडापासून किंवा इमारतीपासून तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवा. रोज सकाळी साडेआठला कुणीतरी तिथे जाऊन पाऊस मोजतो. कुठे हवामान विभागाचा कर्मचारी, कुठे अर्धवेळ निरीक्षक, कुठे तहसील कचेरीतला माणूस. दिवाळी असो की पूर असो, साडेआठ चुकत नाही. निदान चुकू नये अशी अपेक्षा असते.

स्वयंचलित केंद्राला हा माणूस लागत नाही, हाच त्याचा मोठा फायदा. दर काही मिनिटांनी ते आकडा पाठवते, दुर्गम भागातही चालते. पण त्याच्या संवेदकावर धूळ बसते, झडपांमध्ये गांधीलमाश्या घर करतात, सौर पॅनेलवर पक्ष्यांची घाण साचते, बॅटरी उतरते, पर्जन्यमापकाच्या नळीत पाला अडकतो. पूर्वी शेजारी उगवलेले झाड निरीक्षकाच्या डोळ्यांना दिसायचे. आता संगणकाला एवढेच दिसते की आकडा येतो आहे.

या सगळ्याची काळजी कुणी घ्यायची, या प्रश्नाला भारतात एका बाईने जन्मभराचे उत्तर दिले, आणि ते पुण्यात दिले. अ‍ॅना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ चा, त्रावणकोरमधल्या पीरमेडचा. आठव्या वाढदिवसाला घरच्यांनी हिऱ्याची कर्णफुले देऊ केली, तेव्हा त्यांनी ती नाकारून विश्वकोशाचे खंड मागितले. पुढे हिरे हाती आले, पण ते प्रयोगशाळेत. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेऊन त्या बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्याकडे हिरे आणि माणिक यांच्या प्रकाशगुणधर्मांवर काम करू लागल्या. एकेका छायाचित्रासाठी पंधरा-वीस तास प्लेट लावून ठेवावी लागे, तेव्हा कधी कधी झोपही प्रयोगशाळेतच. त्यांचे पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले, प्रबंध पुरा झाला. मद्रास विद्यापीठाने मात्र त्यांना डॉक्टरेट दिली नाही, कारण त्यांच्याकडे एमएस्सीची पदवी नव्हती. तो प्रबंध आजही बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात इतर प्रबंधांच्या रांगेत आहे.

१९४५ साली शिष्यवृत्ती मिळाली ती लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात हवामान उपकरणांच्या प्रशिक्षणाची. भौतिकशास्त्रातच संशोधन करावे अशी इच्छा असूनही त्यांनी ती घेतली. १९४८ साली परत येऊन त्या पुण्याला हवामान विभागात रुजू झाल्या. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, कारण १९२८ मध्ये विभागाचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले. पुढे ते दिल्लीला गेले, चौकाला नाव मात्र सिमल्याचेच राहिले.

त्या काळी पावसाच्या साध्या मापकापासून वायुभारमापकापर्यंत बहुतेक उपकरणे ब्रिटनमधून येत. एस. पी. वेंकटेश्वरन यांच्या हाताखाली उपकरण विभागाने ती इथेच बनवायला घेतली. १९५३ पर्यंत मणी त्या विभागाच्या प्रमुख झाल्या होत्या. हाताखाली १२१ माणसे, सगळे पुरुष. जवळजवळ शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित केले. स्वातंत्र्यानंतर स्वदेशीची भाषणे पुष्कळ झाली. पुण्याच्या या कारखान्यात लेथवर आणि चाकोरीतल्या कामात ते प्रत्यक्ष झाले, याची आठवण मात्र फार कुणी काढत नाही.

मणी यांचे वैशिष्ट्य नुसती उपकरणे बनवण्यात नव्हते. चुकीचे मोजमाप असण्यापेक्षा मोजमाप नसलेले बरे, असे त्यांचे ठाम मत होते. म्हणून देशातली उपकरणे आपसांत ताडून पाहणे, त्यांना जागतिक मापाशी जोडणे आणि ती जोडणी टिकवणे, यात त्यांची वर्षे गेली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात त्यांनी सूर्याची जमिनीवर येणारी ऊर्जा मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे देशात उभारले. काचेच्या घुमटाखाली काळ्या पृष्ठभागाची एक छोटी चकती, एवढेच ते उपकरण दिसायला. पण तो घुमट रोज पुसला नाही तर आकडा हळूहळू घसरत जातो, आणि घसरतो आहे हे कळतही नाही. फुग्याबरोबर वर जाणारे ओझोनमापक त्यांच्या नेतृत्वाखाली इथेच तयार झाले. स्वतःचे असे यंत्र असणारे देश तेव्हा मोजकेच होते. विक्रम साराभाईंच्या सांगण्यावरून थुंबा इथल्या अग्निबाण तळावर त्यांनी हवामान वेधशाळा उभी केली. १९७६ मध्ये त्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. १९८० आणि त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी भारतातल्या सौर ऊर्जेच्या नोंदींचे ग्रंथ सिद्ध केले आणि वाऱ्याचाही हिशेब मांडला. सौरऊर्जा हा शब्द मंत्र्यांच्या तोंडी येण्याच्या कितीतरी आधी, कुठे किती ऊन पडते हे या ग्रंथांत महिन्यावार लिहिलेले होते. आज माळरानावर सौर प्रकल्प टाकणारा अभियंता ज्या प्रकारच्या आकड्यांवर विसंबतो, त्यांची सुरुवात तिथे आहे.

अशा माणसाची गणना ‘पायोनियर’ म्हणून होते खरी, पण जरा उशिरा आणि बहुतेक वेळा ‘पहिली महिला’ एवढ्याच चौकटीत. त्या स्त्री होत्या आणि त्या काळात हे सोपे नव्हते, हे सांगायलाच हवे. पण त्यांचे काम दुर्लक्षित राहिले ते केवळ त्या स्त्री होत्या म्हणून नव्हे. ते मोजण्याचे काम होते, हेही त्याचे कारण आहे. विज्ञानातला मान सिद्धान्ताला मिळतो, नंतर शोधाला. उपकरण नीट ठेवणाऱ्याचा नंबर फार मागे लागतो.

हा क्रम किती उलटा आहे, हे पुण्याच्याच आणखी एका कामावरून दिसते. कृषी हवामानशास्त्राचा विभाग पुण्यात १९३२ मध्ये सुरू झाला. तो उभारणारे एल. ए. रामदास यांनी एक साधाच प्रश्न विचारला होता. निरभ्र, शांत रात्री सर्वांत गार हवा कुठे असते? पुस्तकाप्रमाणे उत्तर सरळ होते. जमीन उष्णता फेकून गार होते, म्हणून सर्वांत गार हवा जमिनीला टेकलेली. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी जमिनीपासून वेगवेगळ्या उंचीवर तापमान मोजले. सर्वांत गार थर जमिनीवर नव्हता, काही सेंटिमीटर ते सुमारे अर्धा मीटर उंच होता. १९३२ मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा अनेकांनी मापनातली चूक म्हणून ते बाजूला ठेवले. आकडा सिद्धान्ताशी जुळत नाही, म्हणजे आकडाच चुकला, असा तो न्याय. १९५७ मध्ये राश्के या जर्मन संशोधकाने पुण्यातच काळजीपूर्वक मोजणी करून तोच थर दाखवला. पुढे बेंगळुरूला रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे गणित मांडले, आणि कारणांवरचा वाद त्यानंतरही चालू राहिला. हिवाळ्यात द्राक्षबागेत किंवा रोपवाटिकेत पहाटे थंडीने पाने करपतात, तेव्हा नेमक्या कोणत्या उंचीवर किती गारठा होता हा प्रश्न त्या शेतकऱ्यापुरता तरी पुस्तकी नसतो.

सुलोचना गाडगीळ यांचेही काम याच वळणाचे होते, फक्त त्यांच्या हातात तापमापकाऐवजी उपग्रहाची छायाचित्रे होती. पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या गाडगीळ हार्वर्डहून डॉक्टरेट घेऊन परतल्या आणि काही काळ पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत काम करून बेंगळुरूला गेल्या. डी. आर. सिक्का यांच्यासह त्यांनी १९७० च्या दशकातली रोजची उपग्रह चित्रे एकेक करून पाहिली, ढगांचा पट्टा कुठे आहे ते टिपले आणि तो समुद्रावरून उत्तरेकडे पुन्हा पुन्हा सरकतो हे १९८० मध्ये दाखवले. जमीन तापते, समुद्र थंड राहतो, म्हणून मान्सून येतो, असे शाळेत शिकवतात. तसे असते तर जमीन जितकी जास्त तापेल तितका पाऊस जास्त पडायला हवा. नोंदी उलटे सांगतात. कमी पावसाच्या वर्षांतच जमीन जास्त तापलेली असते. एवढी साधी तपासणी करायला मोठा संगणक लागत नाही. जुन्या नोंदी मात्र विश्वासार्ह लागतात.

आता सध्याच्या काळाकडे. हवामान विभागाला १५ जानेवारी २०२५ रोजी दीडशे वर्षे पूर्ण झाली. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये दोन वर्षांसाठी २००० कोटी रुपयांच्या ‘मिशन मौसम’ला मंजुरी मिळाली. मे २०२५ मध्ये पुण्याच्या संस्थेने घडवलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. ती देशाचे ६ किलोमीटरचे चौकोन पाडून अंदाज देते आणि ‘अर्क’ नावाच्या महासंगणकावर चालते. हे सगळे चांगलेच आहे. मिशनमध्ये रडार आणि नवी निरीक्षण यंत्रणा यांनाही स्थान आहे. तरीही बातमीत काय आले ते पाहावे: महासंगणकाचा वेग, चौकोनांचा आकार, कृत्रिम बुद्धिमत्ता. हवामानशास्त्रात करिअर करू पाहणारा पुण्यातला विद्यार्थीही तेच वाचतो आणि त्याच दिशेला जातो. पायथन शिकतो, मॉडेल चालवतो, नकाशे रंगवतो. त्याने प्रत्यक्ष पर्जन्यमापक कधी उघडलेला नसतो, हे त्याच्या शिक्षकांनाही वावगे वाटत नाही.

दोष विद्यार्थ्याचा नाही. मॉडेलवर काम केले तर शोधनिबंध होतो, निबंधावर नोकरी मिळते, परदेशी जाता येते. तीन वर्षे चाळीस केंद्रांचे संवेदक तपासून त्यांतल्या चुका दुरुस्त केल्या तर काय मिळते? बदलीचा हुकूम. हवामान विभागात वैज्ञानिक सहायक म्हणून भरती होते, तिला भौतिकशास्त्रासह बीएस्सी किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा चालतो. २०२२ मध्ये अशी ९९० पदांची जाहिरात निघाली होती. तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलामुलींसाठी ही खरोखर चांगली संधी आहे आणि तिच्याविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते. स्पर्धा परीक्षेच्या क्लासच्या भिंतीवर तहसीलदार आणि फौजदार असतात, वेधशाळेचा सहायक नसतो. पण ही वाट पुढे कुठे जाते, उपकरणात तरबेज झालेल्या माणसाला शास्त्रज्ञाचा दर्जा आणि पगार मिळतो का, हा प्रश्न सुटल्याशिवाय हुशार मुले तिकडे टिकणार नाहीत.

यावर एक उत्तर ठरलेले आहे. उपग्रह आहेत, संगणक आहेत, विचित्र आकडा आला तर सॉफ्टवेअर तो गाळून टाकते, मग शेताच्या बांधावरच्या खांबाची एवढी चिंता कशाला? या म्हणण्यात तथ्य आहे. ५६ अंश दाखवणारे केंद्र संगणकाला सहज सापडते. पण दीड अंशाने घसरलेले केंद्र सापडत नाही. शेजारच्या दोन केंद्रांवर तीच धूळ बसली असेल तर मुळीच नाही. उपग्रहाचे म्हणाल तर तो जमिनीजवळच्या हवेचे तापमान थेट मोजत नाही. तो किरणे मोजतो, त्यांवरून तापमान काढले जाते आणि ते बरोबर आहे की नाही हे शेवटी जमिनीवरच्या उपकरणाशीच ताडतात. भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशांनी वाढले, असा निष्कर्ष पुण्याच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेल्या २०२० च्या अहवालात आहे. शतकभराची वाढ पाऊण अंशाहूनही कमी, आणि एका केंद्राची एका दुपारची चूक तीन अंश. ही वाढ खात्रीने सांगता येते, कारण शंभर वर्षे असंख्य अनामिक निरीक्षकांनी ठरल्या वेळी, ठरल्या पेटीत, ठरल्या पद्धतीने वाचन केले.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३. सांताक्रूझचा मापक नसता किंवा त्या दिवशी तुंबलेला असता, तर कुलाब्याच्या नोंदीवरून शहरात बरा पाऊस झाला एवढेच इतिहासात राहिले असते. मुंबईत पुढे ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसले ते याच धड्यानंतर. बसवणे सोपे असते, फीत कापता येते. दर सहा महिन्यांनी नळी साफ करण्याची फीत कुणी कापत नाही.

महाराष्ट्रात तर या आकड्यांना आता थेट रुपयांची किंमत आहे. राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी आहेत, आणि हवामान आधारित फळपीक विमा त्यांच्या नोंदींवर चालतो. जळगावची केळी, विदर्भातला संत्रा, कोकणातला आंबा. थंडी किंवा उष्णता ठरलेल्या मर्यादेपलीकडे ठरलेले दिवस राहिली, की भरपाई लागू होते. इथे बाग पाहायला कुणी येईलच असे नाही. केंद्राचा आकडा हाच पंचनामा. अशा वेळी केंद्र इमारतीच्या आडोशाला असले, संवेदक अर्ध्या अंशाने सरकलेला असला, ऐन थंडीच्या रात्री आकडा आलाच नाही, तर एका मंडळातल्या सगळ्या बागायतदारांचा हिशेब फिरतो. केंद्राची जागा आणि देखभाल यांवरून शेतकरी तक्रार करतात, तेव्हा ते भरपाईसाठी भांडतात असे म्हणून सोडून दिले जाते. खरे तर ते विचारत असतात तो शास्त्रीय प्रश्न आहे: या काट्याला शेवटचे कुणी तपासले?

किराणा दुकानातल्या वजनकाट्याची वैधमापन खात्याकडून ठरावीक मुदतीने पडताळणी होते, त्याच्यावर शिक्का मारला जातो आणि शिक्का नसलेला काटा वापरणे गुन्हा ठरतो. पावकिलो साखरेला जो नियम आहे तो मंडळातल्या सगळ्या केळीला का नसावा? विम्याच्या आणि इशाऱ्यांच्या कामी येणाऱ्या प्रत्येक केंद्राच्या आकड्याबरोबर ते केंद्र शेवटचे कधी आणि कशाशी ताडून पाहिले, याची तारीख जाहीर झाली पाहिजे. संकेतस्थळावर एक रकाना वाढवायला महासंगणक लागत नाही. तपासणी उपकरण बसवणाऱ्याने स्वतःच करून चालणार नाही, तिसऱ्याने करावी. ती करायला माणसे लागतील, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यात नोकऱ्याही होतील. भौतिकशास्त्राच्या पदवीधरांना गाव न सोडता करता येईल असे हे काम आहे. कृषी महाविद्यालयांत आणि भौतिकशास्त्राच्या विभागांत जुनी वेधपेटी आणि नवा संवेदक शेजारी शेजारी ठेवून विद्यार्थ्यांकडून वर्षभर दोन्हींची नोंद करून घेतली, तर फरक किती आणि का येतो हे त्यांना कुठल्याही व्याख्यानाविना कळेल, आणि त्या जिल्ह्याला फुकटात एक विश्वासू केंद्र मिळेल. हवामान विभागाने आणि विद्यापीठांनी उपकरणशास्त्राच्या कामाला बढतीच्या वेळी शोधनिबंधाइतकेच वजन दिले पाहिजे. हे शेवटचे सर्वांत कठीण आहे, कारण निबंध मोजता येतात आणि न झालेल्या चुका मोजता येत नाहीत.

निवृत्तीनंतर अ‍ॅना मणी बेंगळुरूला गेल्या आणि तिथे वाऱ्याचा वेग आणि सूर्याची ऊर्जा मोजणारी उपकरणे बनवणारा एक छोटा कारखाना त्यांनी सुरू केला. १९८७ मध्ये भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना के. आर. रामनाथन पदक दिले. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरमला त्यांचे निधन झाले. डॉक्टरेट त्यांना शेवटपर्यंत मिळाली नव्हती.